लॉग म्हणतो कॉपी झालं, पान म्हणतं पोर्टलेटच नाही

प्रश्न: हिंजवडीतल्या एका कंपनीत जावा डेव्हलपर आहे. एका पतसंस्थेच्या अंतर्गत पोर्टलवर रजेच्या अर्जाचं पोर्टलेट (पोर्टलच्या पानावर बसणारं छोटं ॲप) आहे. पोर्टलचं सॉफ्टवेअर लाइफरे ६.२, ते ज्यावर चालतं तो जावा सर्व्हर टॉमकॅट ७. नवी आवृत्ती माझ्या विंडोज लॅपटॉपवर एक्लिप्समधून (कोड लिहायचं साधन) टाकली की व्यवस्थित चालते. जेनकिन्सवर (बांधणी आपोआप करणारा सर्व्हर) मेव्हन या साधनाने बांधलेलं वॉर (ॲपची एकत्र बांधलेली फाइल) लिनक्स सर्व्हरच्या डिप्लॉय फोल्डरमध्ये टाकलं, की लॉगमध्ये ‘कॉपीड सक्सेसफुली, डिप्लॉयमेंट विल स्टार्ट इन अ फ्यू सेकंड्स’ येतं आणि पुढे शांतता. पानावर पोर्टलेट अनडिप्लॉय झाल्याची लाल पट्टी. सर्व्हर बऱ्याचदा रिस्टार्ट केला, टेम्प आणि वर्क फोल्डर रिकामे केले. सीनियर म्हणतात पोर्टल रीइन्स्टॉल कर. करू का?

उत्तर: रीइन्स्टॉल करू नका. आणि आता आणखी रिस्टार्टही नको. दर रिस्टार्टला लॉगमध्ये हजारभर ओळींची भर पडते आणि पहिली खरी चूक आणखी खोल गाडली जाते, यापलीकडे त्यातून काही निघत नाही. तुमच्या वर्णनावरून माझा संशय एका जारवर, म्हणजे वॉरमध्ये गेलेल्या लायब्ररीच्या फाइलवर आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी लॉग नेमकं काय म्हणतोय ते बघू.

‘डिप्लॉय झालं’, म्हणजे ॲप सर्व्हरवर बसून चालू झालं, ही एक घटना नसते. पोर्टलचा स्कॅनर डिप्लॉय फोल्डरमधली फाइल उचलतो. तिच्यात पोर्टलला लागणाऱ्या काही नोंदी घालून ती टॉमकॅटच्या वेबॲप्समध्ये ठेवतो. टॉमकॅट ते ॲप्लिकेशन सुरू करतो. ते सुरू झालं तर पोर्टल त्यातली पोर्टलेट्स स्वतःकडे नोंदवतं. आणि कोणी पान उघडलं की पानावर लिहिलेल्या आयडीचं पोर्टलेट नोंदीत आहे का, हे तेव्हा पाहिलं जातं. तुम्हाला दिसलेली ओळ फक्त दुसऱ्या टप्प्याची आहे. फाइल ठेवली, आता टॉमकॅट बघून घेईल, एवढंच ती सांगते. तुम्हाला वाट बघायची आहे ती ओळ वेगळी: ‘वन पोर्टलेट फॉर अमुक-तमुक इज अव्हेलेबल फॉर यूज’. ती आली नाही, म्हणजे गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात अडली आहे. पानाकडे, थीमकडे, परमिशनकडे बघण्यात आज काहीच हशील नाही.

आता लॉग. बहुतेक जण कॅटॅलिना डॉट आउट उघडून बसतात. त्यात फार तर ‘सीव्हियर: एरर लिसनरस्टार्ट’ आणि खाली ‘कॉन्टेक्स्ट स्टार्टअप फेल्ड ड्यू टू प्रीव्हियस एरर्स’ असं दिसतं. प्रीव्हियस एरर्स म्हणजे कुठल्या, ते मात्र तिथे नसतं. ते टॉमकॅटच्या लॉग्ज फोल्डरमधल्या लोकलहोस्ट नावाच्या, तारीख लावलेल्या वेगळ्या फाइलमध्ये असतं. ही फाइल आयुष्यात कधीच न उघडलेले पाच-पाच वर्षं अनुभवाचे लोक मी पाहिलेत. लाइफरेचा स्वतःचा लॉगही आहे, लाइफरे होमच्या लॉग्जमध्ये. तिन्ही शेजारी शेजारी उघडा. वेळ जुळवताना एक लक्षात ठेवा: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपण दुपारी चारला टाकलेलं वॉर लॉगमध्ये साडेदहाला दिसतं. साडेपाच तासांच्या या फरकामुळे लोक भलत्याच डिप्लॉयमेंटचा एक्सेप्शन (लॉगमधली चूक) वाचत बसतात.

वाचायचं कसं? वेळेनुसार सगळ्यात पहिला एक्सेप्शन पकडा, आणि त्या एक्सेप्शनच्या पोटातला सगळ्यात शेवटचा ‘कॉज्ड बाय’. मूळ कारण तिथे असतं. वरची चाळीस ओळींची रड ही नुसती कोणी कोणाला बोलावलं याची वंशावळ असते.

माझा अंदाज असा, की तिथे तुम्हाला क्लासकास्टएक्सेप्शन दिसेल: तुमचा रजेचा क्लास ‘जावाएक्स डॉट पोर्टलेट डॉट पोर्टलेट’मध्ये कास्ट होऊ शकत नाही (त्या प्रकारचा मानता येत नाही), अशा अर्थाचा. पहिल्यांदा वाचताना माणूस चक्रावतो. माझा क्लास जेनेरिकपोर्टलेटवरून आलाय, जेनेरिकपोर्टलेट तो इंटरफेस पाळतो, मग कास्ट होत नाही म्हणजे काय? कोड बरोबरच आहे. भानगड अशी, की जावाच्या लेखी क्लासची ओळख नुसत्या नावाने होत नाही. नाव आणि तो ज्या क्लासलोडरने (क्लास मेमरीत आणणारा जावाचा भाग) आणला तो लोडर, या दोहोंनी मिळून होते. लाइफरे ६.२ च्या टॉमकॅट बंडलमध्ये पोर्टलेट एपीआयचा (पोर्टलेटचे मूळ इंटरफेस असलेला) जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरमधल्या एक्स्ट फोल्डरात असतो, सगळ्यांना सामायिक. पोर्टल तोच वापरतं. तुमच्या वॉरच्या वेब-इन्फ लिबमध्ये (लायब्ररींच्या फोल्डरात) त्याच एपीआयची दुसरी प्रत बसली असेल, तर तुमच्या ॲपचा लोडर आधी घरातली प्रत घेतो. सर्व्हलेटच्या नियमांप्रमाणे टॉमकॅटमध्ये ॲपचं स्वतःचं आधी पाहिलं जातं आणि सामायिक नंतर. मग एकाच नावाचे दोन इंटरफेस मेमरीत येतात. तुमचा क्लास एकाचा, पोर्टल मागतंय दुसरा.

यावर चांगला प्रश्न असा निघतो की सर्व्हलेट एपीआयचा जार चुकून वॉरमध्ये गेला तर असं का होत नाही? कारण त्याच्यासाठी टॉमकॅटने सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसवलाय. वेब-इन्फ लिबमध्ये सर्व्हलेटचे मूळ क्लास असलेला जार दिसला की तो ‘जार नॉट लोडेड, ऑफेंडिंग क्लास’ अशी ओळ लिहून त्याला बाहेरच ठेवतो. पोर्टलेट एपीआय हा टॉमकॅटचा विषयच नाही. त्याला पोर्टलेट म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून तो जार निमूट आत जातो. लाइफरेच्या पोर्टल-सर्व्हिस जारचंही हेच. तो वॉरमध्ये गेला की त्याहून विचित्र चुका येतात, कारण त्यात स्टॅटिक ठिकाणी पोर्टलने भरून ठेवलेल्या गोष्टी असतात. तुमच्या प्रतीत ती ठिकाणं रिकामी, आणि मग कुठेही नलपॉइंटर.

लॅपटॉपवर चालण्याचं कोडंही इथेच सुटतं. एक्लिप्समधून जाणारं वॉर आणि जेनकिन्सवर मेव्हनने बांधलेलं वॉर ही एक वस्तू नाही. एक्लिप्स आपल्या प्रोजेक्ट सेटिंगप्रमाणे काय आत घ्यायचं ते ठरवतं. मेव्हन पॉम या आपल्या सेटिंग फाइलप्रमाणे ठरवतो, आणि तिथे जारचा स्कोप (तो कुठे वापरायचा) लिहिला नसेल तर तो ‘कंपाइल’ धरतो, म्हणजे जार वॉरमध्ये गेलाच. तेव्हा वाद न घालता दोन्ही वॉरची यादी काढा, जार कमांडच्या टीएफ पर्यायाने, दोन टेक्स्ट फाइलमध्ये, आणि डिफ करा. माझ्या हाताखालच्या पोरांना मी ‘माझ्याकडे चालतंय’ हे वाक्य या डिफशिवाय उच्चारू देत नाही.

पोर्टलेट एपीआय, पोर्टल-सर्व्हिस, सर्व्हलेट एपीआय, जेएसपी एपीआय यांचा पॉममधला स्कोप ‘प्रोव्हायडेड’ करा, म्हणजे ते सर्व्हरकडून मिळतात, वॉरमध्ये जात नाहीत. तेवढ्यावर थांबू नका. एखादी भलतीच लायब्ररी आपल्यामागून पोर्टलेट एपीआय ओढून आणते, आणि तुमच्या पॉममध्ये त्याचं नावही नसतं. मेव्हनची डिपेंडन्सी ट्री काढून जावाएक्स डॉट पोर्टलेट शोधा, ज्याने आणलं त्याच्याखाली एक्सक्लूजन लिहा. एक्सएमएल वाचणारी जुनी झर्सिस किंवा एक्सएमएल-एपीआयची जार दिसली तर तीही हाकला. तिचा गोंधळ लिंकेजएररच्या रूपात येतो, ‘लोडर कन्स्ट्रेंट व्हायोलेशन’ म्हणून. एखादा क्लास नक्की कुठल्या जारमधून आला याची खात्री हवी असेल तर सर्व्हरच्या जावा पर्यायांत व्हर्बोज क्लास लावा. लॉग प्रचंड होतो, पण क्लासच्या नावापुढे जारचा पूर्ण पत्ता छापून येतो. मग मीटिंगमध्ये मतं मांडायची गरज उरत नाही.

क्लासकास्ट नाही निघाला तर काय? लक्षण हेच ठेवून कारण वेगळं असल्याच्या आणखी काही शक्यता आहेत.

‘अनसपोर्टेड मेजर डॉट मायनर व्हर्जन ५२’ दिसलं तर बांधणी जावा ८ वर झाली आणि सर्व्हर त्याहून जुन्या जावावर आहे. ५१ म्हणजे जावा ७, ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. सर्व्हरवर टर्मिनलमध्ये जावा व्हर्जन विचारून समाधान मानू नका. तो तुमच्या लॉगिनचा जावा. टॉमकॅट सर्व्हिस म्हणून दुसऱ्या युजरखाली, दुसऱ्याच जावा होमवर चालू असू शकतो. चालू प्रोसेसची ओळ पीएसने बघा, त्यात जावाचा पूर्ण मार्ग असतो.

लिसनरस्टार्टच्या मागे स्प्रिंग (जावाचं एक फ्रेमवर्क) असेल, तर बहुधा डेटाबेसची जोडणी. जेएनडीआयचं नाव (ज्या नावाने ॲप सर्व्हरकडे डेटाबेस मागतं ते) लॅपटॉपच्या टॉमकॅटमध्ये लिहिलेलं असतं, सर्व्हरच्या कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये नसतं, आणि ‘नेम इज नॉट बाउंड इन धिस कॉन्टेक्स्ट’ येतं. हे दहा मिनिटांचं काम आहे, पुढे जाऊ.

पोर्टलेटची माहिती देणारी पोर्टलेट डॉट एक्सएमएल मात्र जरा थांबून बघण्यासारखी. तिच्या स्कीमात (रचनेच्या नियमांत) एलिमेंटचा क्रम ठरलेला आहे. पोर्टलेट-नेम, मग डिस्प्ले-नेम, मग पोर्टलेट-क्लास, मग इनिट-पॅरॅम, मग एक्सपायरेशन-कॅशे, मग सपोर्ट्स, सपोर्टेड-लोकेल, रिसोर्स-बंडल, पोर्टलेट-इन्फो, आणि नंतर प्रेफरन्सेस. कोणीतरी घाईत इनिट-पॅरॅम सपोर्ट्सच्या खाली चिकटवला, की फाइल डोळ्यांना निर्दोष दिसते, एक्सएमएल म्हणून वैधही असते, पण स्कीमाच्या तपासणीत ‘इन्व्हॅलिड कंटेंट वॉज फाउंड स्टार्टिंग विथ एलिमेंट’ म्हणून आपटते. दुसरी गंमत वरच्या नेमस्पेसची. जेएसआर १६८ चं पहिलं पोर्टलेट स्पेसिफिकेशन २००३ चं, जेएसआर २८६ चं दुसरं २००८ चं. जुन्या प्रोजेक्टमधून फाइल उचलली की वर १.० ची स्कीमा राहते आणि आत इव्हेंट किंवा पब्लिक रेंडर पॅरामीटरसारख्या २.० च्या गोष्टी येतात. पहिल्या स्कीमाला त्या माहीतच नाहीत. आणि पोर्टलेट-नेम ही लाइफरे-पोर्टलेट आणि लाइफरे-डिस्प्ले या दोन्ही एक्सएमएलमध्ये अक्षरशः तीच हवी. स्पेलिंगमधला एक मोठा-लहान अक्षराचा फरकही पुरतो.

अक्षरांवरून आठवलं. विंडोजवरून लिनक्सवर जाताना फाइलच्या नावातली केस मोजली जाते. कोडमध्ये लहान अक्षरांत व्ह्यू डॉट जेएसपी आणि डिस्कवर पहिलं अक्षर कॅपिटल असेल, तर लॅपटॉप तुम्हाला कधीच सांगणार नाही. पण हे पोर्टलेट नोंदल्यानंतर, रेंडर होताना फुटतं, म्हणून तुमच्या आजच्या लक्षणाशी जुळत नाही. पुढच्या फेरीत भेटेल.

तुमची फाइल उचलली गेली हे नक्की, तरी पहिल्या टप्प्याबद्दल थोडं, कारण घरून व्हीपीएनवर काम करताना हेच जास्त छळतं. लाइफरे ६.२ मूळ सेटिंगमध्ये दर दहा सेकंदांनी डिप्लॉय फोल्डर बघतो. संथ नेटवर चाळीस एमबीचं वॉर थेट त्या फोल्डरात एससीपी (नेटवरून कॉपी करायची कमांड) केलं, तर अर्धी आलेली फाइल तो उचलतो, झिप उघडत नाही म्हणून एक्सेप्शन टाकतो आणि त्या फाइलचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये टाकतो. फाइलची वेळ बदलेपर्यंत तिला हात लावत नाही. उपाय साधा: आधी शेजारच्या फोल्डरात पूर्ण कॉपी करा, मग एमव्ही कमांडने डिप्लॉयमध्ये सरकवा. एकाच डिस्कवर सरकवणं एका क्षणात होतं, अर्धवट अवस्था येतच नाही. शिवाय फाइल रूटच्या मालकीची ठेवून जाऊ नका. काम झालं की डिप्लॉय फोल्डरमधून फाइल गायब व्हायला हवी. ती तिथेच बसून असेल तर परवानगी किंवा ब्लॅकलिस्ट, दोनच शक्यता.

वैतागून काही जण वॉर थेट टॉमकॅटच्या वेबॲप्समध्ये टाकतात. टॉमकॅट खुशीत ते सुरू करतो, मॅनेजरमध्ये ॲप चालू दिसतं, आणि पोर्टलला त्याचा पत्ताही नसतो, कारण मधल्या नोंदी घालणारा टप्पाच वगळला गेला. तुमच्या टीममध्ये कोणी असं केलं असेल तर वेबॲप्समध्ये त्याचा उरलेला फोल्डर आधी काढा. नाहीतर चाचणी कशाची चाललीय तेच कळणार नाही.

समजा ‘अव्हेलेबल फॉर यूज’ आलं आणि तरी लाल पट्टी गेली नाही, तर शेवटच्या टप्प्याकडे या. वॉरमधल्या पोर्टलेटचा लाइफरेतला आयडी पोर्टलेटचं नाव, मधे ‘वॉर’ हा खुणेचा शब्द आणि पुढे ॲप्लिकेशनचं नाव असा बनतो. पानाच्या नोंदीत हाच आयडी साठवलेला असतो, आणि पोर्टलेटची प्रेफरन्सेसही याच आयडीवर. एका क्लायंटकडे नव्या आर्किटेक्टने नामकरणाचे नियम आणले आणि सगळ्या आर्टिफॅक्टपुढे कंपनीचं आद्याक्षर लावलं. वॉरचं नाव बदललं, आयडी बदलला, आणि सोमवारी सकाळी पोर्टलवरचं प्रत्येक पान लाल. लॉगमध्ये एकही चूक नव्हती, कारण पोर्टलच्या दृष्टीने सगळी नवी पोर्टलेट्स नीट आली होती आणि जुनी निघून गेली होती. तुमच्याकडे जेनकिन्सचं वॉर आणि जुन्या आवृत्तीचं वॉर यांची नावं एकच आहेत ना, ते बघा. पॉममध्ये फायनलनेम लिहून ते नाव कायमचं बांधून टाका. आवृत्तीचा आकडा आतल्या मॅनिफेस्टमध्ये राहू द्या.

लाल पट्टी एका रिफ्रेशला दिसते आणि पुढच्याला जाते, असं होत असेल तर क्लस्टरमधल्या (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या गटातल्या) एकाच नोडवर वॉर गेलंय. लोड बॅलन्सर बाजूला ठेवून प्रत्येक नोडच्या पोर्टवर थेट जाऊन बघा.

टेम्प आणि वर्क रिकामे केलेत त्यात वाईट काही नाही. जुन्या जेएसपीचे कंपाइल झालेले क्लास वर्कमध्ये राहतात, त्याचा कधीमधी फायदा होतो. पण ते टॉमकॅट बंद असताना करायचं. चालू टॉमकॅटच्या पायाखालून फोल्डर ओढला तर नव्याच चुका उगवतात आणि त्या मूळ आजार समजून तुम्ही त्यांच्या मागे लागता. रिस्टार्टची खरी गरज एका प्रसंगी असते: दिवसभर हॉट डिप्लॉय (सर्व्हर चालू ठेवूनच डिप्लॉय) करत राहिलात आणि पर्मजेन (क्लास ठेवायची मेमरी) संपल्याची चूक आली तर. जावा ७ पर्यंत पर्मजेन, ८ पासून त्याजागी मेटास्पेस. जुन्या आवृत्तीचा क्लासलोडर कोणत्या तरी न थांबलेल्या थ्रेडने किंवा नोंद न काढलेल्या जेडीबीसी ड्रायव्हरने धरून ठेवलेला असतो, आणि प्रत्येक डिप्लॉयला एक संपूर्ण प्रत मेमरीत साचते. टॉमकॅट ॲप थांबवताना थ्रेडचं नाव घेऊन तसा इशाराही देतो. तो इशारा लोक नुसता इशारा आहे म्हणून सोडून देतात.

पतसंस्था कधी ना कधी लाइफरे ७ वर जाईलच, म्हणून थोडं आत्ताच. २०१६ च्या लाइफरे ७ पासून आत ओएसजीआय (बंडल नावाच्या तुकड्यांतून ॲप चालवणारी व्यवस्था) आहे. तिथे ‘झालं की नाही’ हा प्रश्न बंडलच्या स्थितीवर येतो. गोगो शेलमध्ये (तिथली कमांड लिहायची जागा) एलबी म्हटलं की यादी येते. तुमचं बंडल ‘इन्स्टॉल्ड’वर अडकलं असेल तर त्याला हवं असलेलं एखादं पॅकेज, किंवा त्या पॅकेजची हवी ती आवृत्ती, कोणी पुरवत नाहीये. डायग आणि बंडलचा नंबर दिला की नेमकं कुठलं ते नाव घेऊन सांगतो. ‘रिझॉल्व्ह्ड’ असेल तर सगळं जुळलंय, पण सुरू झालेलं नाही. सगळ्यात फसवं ‘ॲक्टिव्ह’ असूनही पोर्टलेट न दिसणं. तेव्हा आतल्या कंपोनंटला एखादी सर्व्हिस मिळालेली नसते, आणि ते एससीआरच्या इन्फो कमांडने दिसतं. जुनी सवय म्हणून जार आत कोंबणाऱ्यांना ७ जास्त रडवतं, पण निदान कारण तोंडावर सांगतं.

सीनियरना सांगा, पोर्टल कोरं करून बसवलं तरी वॉर तेच राहणार आणि चूकही तीच येणार. आज पॉममधले स्कोप बदलून नवं वॉर बांधा, लिबची यादी तपासा. टॉमकॅट बंद करून वेबॲप्समधला या ॲपचा जुना फोल्डर काढा, टॉमकॅट चालू करा, पोर्टल पूर्ण वर आल्यावर वॉर एमव्हीने सरकवा आणि लोकलहोस्टचा लॉग टेल कमांडने समोर चालू ठेवा. हे शुक्रवारी संध्याकाळी करू नका. वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून फोनवर लॉग वाचून दाखवणारे कमी नाहीत. तरीही तीच पट्टी राहिली, तर पहिल्या एक्सेप्शनमधल्या शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पासून खालच्या वीस ओळी, वेब-इन्फ लिबची पूर्ण यादी आणि पोर्टलेट डॉट एक्सएमएल एवढं पाठवा. स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट पाठवा.